चिपाडातलं पोलाद

रसवंतीवर रस पिऊन झाल्यावर मागे कधी वळून बघितलंय का? ऊस चरकातून एकदा जातो, दोनदा जातो, मग दुमडून, मध्ये लिंबू-आलं घालून तिसऱ्यांदा जातो आणि उरलेलं चिपाड मागच्या पोत्यात पडतं. मार्च ते मे या दिवसांत निगडी, आकुर्डी, चिंचवड, भोसरीपासून थेट चाकणच्या चौकापर्यंत अशी पोती भरतच असतात. संध्याकाळी त्यातलं थोडं जनावरांपुढे जातं, थोडं जळतं आणि बाकीचं घंटागाडीत. घंटागाडीतून मोशीला.

आमच्या चौघांच्या ग्रुपने फायनल इयर प्रोजेक्टसाठी हीच पोती उचलली. विषय : वनस्पतींच्या कचऱ्यातून सेल्युलोजचे नॅनोफायबर काढणे. नाव ऐकून व्हायवाला समोरचे गप्प बसतात हा एक फायदा आहेच! पण गंमत बाजूला ठेवून सांगतो, विषय खरंच जबरदस्त आहे. आपल्या पट्ट्यातल्या प्लॅस्टिक पार्ट बनवणाऱ्या प्रत्येक छोट्या कारखान्याशी त्याचा संबंध येऊ शकतो. येऊ शकतो म्हणतोय, आला आहे असं म्हणत नाही. का ते पुढे कळेल.

आधी थोडी थिअरी. (मेकॅनिकलवाल्यांनी पान उलटू नये, मीही मेकॅनिकलचाच आहे.)

सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो रेणूंची सरळ साखळी. १८३८ साली आन्सेल्म पायेन नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने लाकडातून ते वेगळं काढलं. बटाट्यातला स्टार्चही ग्लुकोजचाच, पण त्यातली जोडणी वळणदार असते, त्यामुळे तो शिजतो, फुगतो, पचतो. सेल्युलोजमध्ये एक आड एक ग्लुकोज उलटा बसतो, साखळी ताठ राहते, शेजारच्या साखळ्यांशी हायड्रोजन बंधांनी घट्ट चिकटते आणि अशा काही डझन साखळ्यांची मिळून एक अतिबारीक काडी तयार होते. जाडी तीन-चार नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे केसाच्या जाडीत अशा वीस हजार काड्या शेजारी शेजारी बसतील.

झाडाची पेशीभिंत म्हणजे सिव्हिलवाल्यांचं आरसीसीच. सेल्युलोजच्या काड्या या सळया, लिग्निन हे सिमेंट आणि दोघांना धरून ठेवणारी हेमिसेल्युलोज ही बाइंडिंग वायर. उसाच्या सुक्या चोथ्यात साधारण ४० ते ४५ टक्के सेल्युलोज असतं, पाव हिस्सा किंवा थोडं जास्त हेमिसेल्युलोज आणि पाचवा हिस्सा लिग्निन. आम्हाला काय करायचं होतं? स्लॅब फोडून सळ्या न वाकवता बाहेर काढायच्या होत्या. भंगारवाले रोज करतात तेच काम, फक्त दहा लाख पट बारीक.

आता हिशेब करून बघू, कारण नॅनो हा शब्द हल्ली टूथपेस्टवरही असतो आणि आकडा मांडल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. सेल्युलोजची घनता १.५ धरा, काडीचा व्यास ४ नॅनोमीटर धरा. एक ग्रॅम सेल्युलोजच्या सगळ्या काड्या सुट्या करून एकापुढे एक लावल्या तर लांबी किती? कॅल्क्युलेटर काढा. उत्तर येतं ५ कोटी ३० लाख किलोमीटर! पृथ्वी ते चंद्र या अंतराच्या सुमारे १३८ पट. आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे ६६० चौरस मीटर, म्हणजे आठ बॅडमिंटन कोर्ट. चिमूटभर चिपाडाच्या पोटात हे सगळं आहे. हा पृष्ठभाग लक्षात ठेवा, कारण या पदार्थाचे सगळे गुण आणि सगळे उपद्व्याप तिथूनच निघतात.

इंटरनेटवर आणि सेमिनारमध्ये एक वाक्य हमखास सापडतं : नॅनोसेल्युलोज पोलादापेक्षा पाचपट मजबूत आणि पाचपट हलकं. शीर्षकात मीही पोलाद वापरलंय, तेव्हा खुलासा करायला हवा. सेल्युलोजच्या स्फटिकाचा लांबीच्या दिशेने यंग्ज मॉड्युलस सुमारे १३८ गिगापास्कल मोजला गेला आहे. पोलादाचा २००. पण पोलादाची घनता ७.८५, याची १.५. वजनाच्या हिशेबात भागलं तर पोलादाचे २५ आणि याचे ९२, म्हणजे साडेतीन पट. वाईट नाही. पण ही गोष्ट एका सुट्या, बिनदोष काडीची आहे, तीही लांबीच्या दिशेने. गाडीचा पार्ट एका काडीचा नसतो.

पार्टमध्ये या काड्या प्लॅस्टिकमध्ये मिसळायच्या असतात. सेकंड इयरला शिकलेला रूल ऑफ मिक्स्चर्स लावा. पॉलिप्रॉपिलीनचा मॉड्युलस १.५ धरा, घनफळाने १० टक्के काड्या टाका. सगळ्या एकाच दिशेने लावल्या तर उत्तर १५ गिगापास्कल येतं. पण मोल्डमध्ये त्या वाट्टेल तशा पडतात. तिन्ही दिशांना विखुरलेल्या तंतूंसाठी गुणक फक्त एक-पंचमांश, म्हणजे उत्तर चारच्या आसपास. तेही चिकटणं परफेक्ट आहे असं गृहीत धरून. दीडचे चार होणं ही प्लॅस्टिकसाठी मोठी उडी आहे, पण त्याला पोलाद म्हणता येणार नाही. मात्र घनता ०.९ वरून जेमतेम ०.९६ वर जाते. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमध्ये आज टाल्क म्हणजे शंखजिऱ्याची पावडर घालतात, २० टक्के टाल्क घातलं की घनता १.०५ च्या आसपास जाते. म्हणजे तोच ताठपणा कमी वजनात. गाडी कंपन्यांना यात रस का आहे हे इथे कळतं. इलेक्ट्रिक गाडीत तर प्रत्येक किलो बॅटरीच्या हिशेबात येतो.

हे नुसतं कागदावरचं नाही. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१६ मध्ये क्योटो विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली नॅनो सेल्युलोज व्हेइकल नावाचा प्रकल्प सुरू केला आणि २०१९ च्या टोकियो मोटर शोमध्ये एक अख्खी गाडी उभी केली. बॉनेट, छत, दरवाजांचे भाग, सगळीकडे सेल्युलोज नॅनोफायबर वापरलेले. वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरवल्याचं त्यांनी जाहीर केलं. त्याआधी २०१५-१६ च्या सुमारास तिकडे हा पदार्थ बॉलपेनच्या शाईत आला होता, आणि २०१८ मध्ये बुटांच्या तळव्यात. शाईत तो घट्टपणा देतो : पेन थांबलं की शाई घट्ट, चाललं की पातळ. आपला टोमॅटो सॉस बाटली हलवल्यावर वागतो तसंच.

आता प्रत्यक्ष कृती. ही स्वयंपाकाच्या पुस्तकासारखी वाटेल, आणि खरं तर आहेच तशी.

पहिलं काम गोडवा घालवणं. रसवंतीच्या चिपाडात साखर बरीच राहते, दोन दिवसांत आंबूस वास सुटतो आणि लॅब असिस्टंट बाहेर काढतात. तेव्हा गरम पाण्याने धुणं, उन्हात वाळवणं, कापणं, दळणं, चाळणं. दळताना एक गोष्ट कळली. आतला गर भुसभुशीत असतो आणि साल चिवट. दोन्ही वेगळी केली तर पुढचं काम सोपं जातं, कारण गर कॉस्टिकमध्ये पटकन सुटतो आणि साल हट्टी असते.

मग कॉस्टिक सोडा. १०० ग्रॅम सुकं चिपाड, ४ टक्क्यांचं २ लिटर द्रावण, ८० अंश, दोन तास, वर ढवळणं. दहा मिनिटांत पाणी चहासारखं होतं आणि तासाभरात कडक कॉफीसारखं. हे हेमिसेल्युलोज आणि लिग्निन बाहेर येताना दिसतं, बाइंडिंग वायर सुटते आणि सिमेंट विरघळतं. गाळायचं आणि पीएच ७ येईपर्यंत धुवायचं. हे धुणं संपतच नाही! फडक्यातून धार पडत राहते आणि पीएच पेपर निळाच.

तिसरी पायरी ब्लीचिंग. जुन्या पेपरांत सोडियम क्लोराइट वापरलेलं असतं. त्यातून क्लोरीन डायऑक्साइड वायू निघतो, तो विषारी आणि स्फोटक, त्यामुळे कॉलेज लॅबमध्ये ते नकोच. आम्ही अल्कलीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड घेतलं. वेळ जास्त लागतो आणि रंग दुधासारखा पांढरा होत नाही, सायीसारखा होतो, पण खोकला येत नाही. शेवटी १०० ग्रॅममधून हातात सुका लगदा आला ३८ ग्रॅम.

इथपर्यंत जे झालं ते कागद गिरणीतलं काम. तंतू अजून मायक्रोमध्ये आहेत, डोळ्यांना कापसासारखे दिसतात. नॅनो व्हायचं ते चौथ्या पायरीत, आणि तिला रस्ते अनेक.

एक रस्ता आम्लाचा. ६४ टक्के सल्फ्युरिक आम्ल, ४५ अंश, पाऊण तास. आम्ल काडीतला ढिला भाग खाऊन टाकतं आणि कडक स्फटिक तेवढे उरतात. १९५१ मध्ये रॉनबी नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे दाखवलं. पण यातून मिळतात ते तुकडे, नॅनोक्रिस्टल. फायबर आणि क्रिस्टल यांत शेवई आणि तांदूळ इतका फरक आहे, तरी बऱ्याच प्रोजेक्ट रिपोर्टांत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी बिनधास्त वापरलेले दिसतात. प्लॅस्टिकला बळ द्यायला शेवई बरी.

शेवईचा रस्ता यंत्राचा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत टर्बाक, हेरिक आणि सँडबर्ग यांनी लगदा चक्क दूध होमोजिनाइज करायच्या यंत्रातून प्रचंड दाबाने फटीतून ढकलला. पुन्हा ढकलला. पुन्हा. लगद्याची जेली झाली. यंत्र डेअरीचं होतं म्हटल्यावर आपल्याला जवळचं वाटायला हरकत नाही. दुसरं यंत्र जपानी ग्राइंडर : दोन दगडी चकत्या, एक स्थिर, एक फिरती, मध्ये फट जवळजवळ शून्य. म्हणजे जातं! आजीला फोटो दाखवला तर तिने पहिला प्रश्न विचारला, टाकी कोण लावतं?

आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. होता तो ७५० वॉटचा घरगुती मिक्सर. हा येडेपणा वाटेल, पण २०११ मध्ये क्योटोच्या उएतानी आणि यानो यांनी हाय-स्पीड ब्लेंडरने लाकडाच्या लगद्याचे नॅनोफायबर केल्याचा पेपर छापला आहे. त्यांचा ब्लेंडर मिनिटाला ३७,००० फेऱ्यांचा, आपला मिक्सर त्याच्या निम्मा. त्यांनी एक महत्त्वाची अट सांगितली आहे की लगदा कधीही वाळू द्यायचा नाही. एकदा वाळला की काड्या एकमेकींना अशा चिकटतात की पुन्हा सुटत नाहीत. म्हणून वजन करण्यापुरता नमुना वाळवला, बाकीचा ओलाच ठेवला. १ टक्का लगदा, १ लिटर पाणी, एकूण अर्धा तास, मध्ये मध्ये थांबून, कारण मोटर तापते. निघालं ते पातळ खिरीसारखं, चमचा उलटा केला तर हळू सरकणारं.

हे नॅनो आहे का? हा खरा प्रश्न, आणि इथेच बहुतेक प्रोजेक्ट घाईने पुढे सरकतात. चांगला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप फुकट मिळत नाही आणि बाहेर तारीख मिळेपर्यंत सबमिशन उरकलेलं असतं. पण साध्या चाचण्याही बरंच सांगतात. द्रावण ०.१ टक्क्यापर्यंत पातळ करून उंच मेजरिंग सिलिंडरमध्ये रात्रभर ठेवा. खाली बसलं ते मायक्रो, तरंगत राहिलं ते बारीक. वरच्या भागातून लेझर पॉइंटर मारा, किरणाची रेघ दिसली की कण प्रकाश विखुरण्याइतके बारीक होऊन तरंगताहेत. तिसरी चाचणी माझी आवडती : गाळून त्याचा पातळ कागद करा आणि दाबाखाली वाळवा. साधा कागद पांढरा दिसतो कारण तंतूंमधल्या हवेच्या फटी प्रकाश विखुरतात. फटी नॅनो झाल्या की कागद पारदर्शक होत जातो. आमचा झाला बटर पेपरसारखा. म्हणजे काही भाग नॅनो, बराच भाग अजून जाड. रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं. एफटीआयआरमध्ये मात्र १७३० आणि १५१० जवळची हेमिसेल्युलोज-लिग्निनची शिखरं नीट बसली, तेव्हा सफाई चांगली झाली होती यात शंका नाही.

इतकं झाल्यावर एखादा म्हणेल, झालं की, कचऱ्यातून सोनं. इथेच मला थांबून आमची वही उघडायची आहे, कारण प्रोजेक्टचा सगळ्यात कामाचा भाग मला तोच वाटतो. आम्ही प्रत्येक पायरीला किती वीज, किती पाणी आणि किती रसायन गेलं ते मोजत होतो.

वीज आधी. मिक्सरला एका लिटरमागे अर्धा तास, म्हणजे जास्तीत जास्त ०.३७५ युनिट, आणि त्यात माल १० ग्रॅम. किलोला साडेसदतीस युनिट. मिक्सर म्हणजे काही औद्योगिक यंत्र नव्हे हे मान्य, पण पूर्वप्रक्रिया न केलेला लगदा होमोजिनायझरमधून पुन्हा पुन्हा काढला तर खर्च टनाला २७,००० युनिटपर्यंत जातो असे आकडे प्रसिद्ध आहेत. म्हणजे किलोला २७. तुलनेसाठी, एक किलो अॅल्युमिनिअम वितळभट्टीतून काढायला साधारण १४ युनिट लागतात. हिरवा, निसर्गमित्र वगैरे पदार्थ अॅल्युमिनिअमपेक्षा दुप्पट वीज खातोय!

म्हणून जगभरच्या लोकांनी डोकं लावलं ते दळायच्या आधी काड्या ढिल्या कशा करायच्या यावर. २००६ मध्ये टोकियोच्या साइतो आणि इसोगाई यांनी टेम्पो नावाचं एक रसायन वापरून काडीच्या पृष्ठभागावर ऋण भार बसवला. सारखे भार एकमेकांना ढकलतात, काड्या आपापल्या दूर होतात आणि मग थोडंसं ढवळलं तरी पुरतं. याबद्दल त्यांना निशियामांबरोबर २०१५ चा मार्कुस वालेनबर्ग पुरस्कार मिळाला. दुसरा उपाय एन्झाइमचा. योग्य पूर्वप्रक्रिया केली तर दळण्याची वीज किलोला अर्ध्या युनिटापर्यंत खाली आल्याचे दाखले आहेत. सत्तावीसवरून अर्ध्यावर! असा आकडा आपल्या थर्मलच्या पेपरात आला तर आपण उत्तर चुकलं समजून खोडून टाकू.

एन्झाइम म्हटल्यावर एक किस्सा. सेल्युलोज खाणारी ट्रायकोडर्मा रीसी ही बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर सापडली, कारण ती अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे फस्त करत होती. तीच बुरशी माटुंग्याच्या सिरकॉटमध्ये कामाला लावली गेली. सिरकॉट म्हणजे केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, १९२४ मध्ये सुरू झालेली. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये या बुरशीने कापसापासून नॅनोसेल्युलोज काढल्याचं प्रसिद्ध केलं आणि २०१५ मध्ये तिथे रोज साधारण १० किलो क्षमतेचा पायलट प्लांट उभा राहिला. भारतातला हा पहिला. त्यांचा कच्चा माल सरकीवरची आखूड लव. हुशारीची निवड आहे, कारण कापसात लिग्निन जवळजवळ नसतंच, म्हणजे आमची कॉफी आणि ब्लीचिंग दोन्ही वाचलं. आणि बुरशी पोसून माल काढणं आपल्या पिंपरीला तरी नवं का वाटावं? १९५४ मध्ये स्थापन झालेल्या एचएने पेनिसिलिन तसंच तर काढलं.

आता रसायन आणि पाणी. २ लिटर ४ टक्के द्रावण म्हणजे ८० ग्रॅम कॉस्टिक. माल ३८ ग्रॅम. एक किलो लगद्यामागे दोन किलोहून जास्त कॉस्टिक आमच्या हातून गेलं. धुण्याचं पाणी २४ लिटर झालं, म्हणजे किलोला ६३० लिटर. कारखान्यात धुणं उलट्या प्रवाहाने करतात, तेच पाणी पायरीपायरीने मागे फिरवतात, त्यामुळे आकडा खूप उतरतो. मोठ्या कागद गिरण्या काळं पाणी आटवून, जाळून कॉस्टिक परत मिळवतात. पण त्या बॉयलरचा खर्च मोठ्या गिरणीलाच परवडतो. शेतमालाच्या काडीकचऱ्यावर चालणाऱ्या छोट्या कागद गिरण्या देशभर प्रदूषणासाठी बदनाम झाल्या त्या याच कारणाने. त्यांना ते काळं पाणी परत वापरणं जमलं नाही.

आणि आपण कुठे बसलोय? एका बाजूला पवना, दुसऱ्या बाजूला इंद्रायणी. आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना गेली काही वर्षं पुन्हा पुन्हा बातम्यांत दिसतो. मैलापाणी आणि कारखान्यांचं सांडपाणी, दोघांचाही त्यात हात. वारीला पायी आलेला माणूस त्या पाण्यात हात घालायला कचरतो. अशा नदीच्या काठी चिपाडाचा पर्यावरणपूरक कारखाना काढून तपकिरी कॉस्टिकचं पाणी ओढ्याला सोडलं तर त्यापेक्षा चिपाड कुजलेलं बरं. आमचं सगळं पाणी आम्ही कॅनमध्ये साठवलं, आम्ल घालून पीएच खाली आणला. तेव्हा लिग्निन खाली बसतं, ते गाळून वेगळं केलं. हे लहान प्रमाणावर जमतं. पण त्यानंतरही वरचं पाणी मीठ आणि विरघळलेल्या साखरींनी भरलेलं असतं, त्याला प्रक्रिया हवीच.

यातून एक शहाणपणाचा प्रश्न निघतो, जो आम्हाला आमच्या गाइड सरांनी विचारला : गाडीच्या बंपरचा रंग कुठला? काळा. मग ब्लीच कशाला करताय? खरंच की! लिग्निन थोडं राहू दिलं तर नॅनोफायबर तपकिरी होतात, पण रसायन वाचतं, माल जास्त निघतो, आणि लिग्निनचं तेलकट वळण प्लॅस्टिकशी जुळवून घ्यायला थोडी मदतच करतं. पांढरेपणाचा आग्रह कागदातून आलाय, गाडीला त्याची गरज नाही. पुढे कोणी हे काम घेतलं तर इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

उरला शेवटचा आणि सगळ्यात चिवट राक्षस, पाणी. भोसरी एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंग करणाऱ्या एका काकांकडे आम्ही बाटलीभर जेल घेऊन गेलो. त्यांनी बोटाने घेऊन चोळून बघितलं.

"यात माल किती?"

"एक टक्का, काका."

"म्हणजे पोरांनो, तुम्ही मला पाणीच विकताय की!"

हसलो, पण त्यांचं बरोबर होतं. एक किलो फायबरबरोबर ९९ किलो पाणी येतं. ते नुसतं उकळून घालवायचं तर २२४ मेगाज्यूल, म्हणजे ६२ युनिट लागतात. दळण्याहून जास्त! बरं, घालवलं तरी काड्या वाळताना पुन्हा चिकटतात आणि तुमच्या आठ बॅडमिंटन कोर्टांची घडी होऊन पुन्हा पापड तयार. शिवाय काकांच्या मशीनमध्ये ओलावा गेला की पार्टवर चंदेरी ओरखडे येतात आणि अख्खा लॉट रिजेक्ट होतो. त्यात सेल्युलोज पाण्याचं मित्र आणि पॉलिप्रॉपिलीन तेलाच्या जातीचं, दोघांचं पटत नाही. मध्ये मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन मध्यस्थ म्हणून घालावं लागतं. आणि बॅरलचं तापमान २०० च्या फार वर गेलं की सेल्युलोज करपायला लागतं, चाकणच्या एका डॅशबोर्डला जळक्या भाकरीचा वास येणं काही कोणाला चालणार नाही.

क्योटोवाल्यांनी याला जो तोडगा काढला तो मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर इंजिनिअरिंग वाटते. त्यांनी नॅनो करणं आणि मिसळणं या दोन पायऱ्या एक केल्या. लगद्यावर आधीच रासायनिक प्रक्रिया करून तो प्लॅस्टिकला मानवेल असा करायचा, आणि मायक्रो अवस्थेतच प्लॅस्टिकबरोबर ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडरमध्ये टाकायचा. आतल्या मळणीच्या जोरानेच तंतू सुटे होतात आणि लगेच प्लॅस्टिकमध्ये अडकतात, पुन्हा चिकटायला वेळच मिळत नाही. ९९ किलो पाण्याची भानगडच नाही. ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडर ही काही परदेशी जादू नव्हे, प्लॅस्टिकचे दाणे बनवणाऱ्या कंपाउंडिंगच्या कारखान्यात तो असतोच. काकांना हे सांगितल्यावर ते पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, "दाणे आणून द्या. दाणे आले की मी शॉट मारून देतो."

एक शेवटचा मुद्दा कच्च्या मालाचा, कारण त्यात फार गैरसमज आहेत. साखर कारखान्याचा भुस्सा म्हणजे बगॅस हा कचरा नाही. एक टन ऊस गाळला की २८०-३०० किलो ओला बगॅस निघतो, निम्मं त्यात पाणी, आणि तो कारखान्याच्या बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज होते. कासारसाईच्या संत तुकाराम कारखान्यापासून जुन्नरच्या विघ्नहरपर्यंत कुठेही गेलात तरी तो फुकट मिळेल ही आशा सोडा. विदर्भ-मराठवाड्यातली पऱ्हाटी बऱ्याच प्रमाणात शेतात किंवा चुलीत जळते. सिरकॉटने तिच्यापासून पार्टिकल बोर्ड करायचं तंत्र दिलेलं आहे, तो माल खरा मोकळा आहे, पण गोळा करून आणायचा खर्च मोठा. चाकणच्या मार्केट यार्डातली कांद्याची टरफलं डोळ्यांत भरतात पण वजनात काहीच नसतात. कंपन्यांतली पाइनची खोकी भंगारवाल्यांच्या हिशेबात आधीच असतात. राहता राहिली रसवंती. मोशीला २०२३ पासून कचऱ्यातून वीज करायचा १४ मेगावॅटचा प्रकल्प आहे, तिथे ओलं चिपाड काही कामाचं नाही, ते फक्त जाळ थंड करतं. ते रोज ताजं, एकाच जातीचं, न मिसळलेलं मिळतं. तोटा एवढाच की हंगाम चार महिन्यांचा.

आमचा ओला लगदा, साधारण दीड किलो, लॅबच्या फ्रिजमध्ये डब्यात ठेवला आहे, झाकणावर तारीख लिहिली आहे. गाळून वेगळं केलेलं लिग्निन शेजारच्या बरणीत. थर्ड इयरच्या ज्यांना बिनब्लीचचा प्रयोग पुढे न्यायचा आहे त्यांनी मार्चच्या आधी मला किंवा ग्रुपमधल्या कोणालाही गाठा. रसवंतीवाल्या मामांशी बोलणं झालेलं आहे, ते पोतं बाजूला ठेवतील. फक्त संध्याकाळी सातच्या आत जा, त्यानंतर गवळी घेऊन जातो.